शेऱ्याचा रकाना

मंगळवारी पाच वाजता, पहिली पाळी करून घरी आलेले नागोराव बशीत चहा ओतत होते, तेव्हा समोर वही घेऊन बसलेल्या राजनंदिनीनं मान वर न करता विचारलं, की पप्पा, तुम्ही दिवसातून साधारण किती वेळा ‘नॉर्मल’ म्हणता. चहा बशीबाहेर गेला. फार नाही, दोनेक घोट; पण तारापूरच्या केमिकल कंपनीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातून काही सांडलं, की तो आधी कोण पाहतंय ते बघतो आणि मग फडकं शोधतो. बायको सुगंधा ओट्याशी पाठमोरी होती. मुलगी वहीत पाहत होती. म्हणजे कुणीच पाहत नव्हतं, आणि नागोरावांचा अनुभव असा, की कुणी पाहत नाही असं वाटतं तेव्हाच कुठेतरी काहीतरी टिपलं जात असतं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, की का, काय झालं. ती म्हणाली, कॉलेजचा प्रकल्प आहे. पालघरच्या कॉलेजात ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, इंग्रजी घेऊन. त्यांच्या मॅडमनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, रोजच्या बोलण्यातला एकेक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, वापर आणि उगम शोधा म्हणून. मैत्रिणीला ‘टेन्शन’ आलं, एकाला ‘अ‍ॅडजस्ट’, हिला ‘नॉर्मल’. चिठ्ठीत आला, ती म्हणाली. नागोरावांनी मान हलवली. चिठ्ठ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. कंपनीच्या दिवाळी सोडतीतली पहिली चिठ्ठी दरवर्षी खरेदी खात्यातल्याच माणसाला लागते, हे ते सत्तावीस दिवाळ्या टाळ्या वाजवत पाहत आले होते. साठ पोरं, इंग्रजीत लाखभर शब्द, आणि नेमका हाच शब्द नेमक्या याच घरात यावा, तोही चौकशी परवावर आली असताना.

चौकशी त्यांची नव्हती, विश्रामची होती. गुरुवारी अकरा वाजता. विश्राम चिंचणीचा, नागोराव ज्या पाळीचे सुपरवायझर त्याच पाळीतला ऑपरेटर, एकोणीस वर्षं रिअ‍ॅक्टरच्या माचीवर उभा राहिलेला. त्याच्यावर आरोप असा, की अकरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी तो कामाची जागा सोडून ‘गॅस, गॅस’ असं ओरडत गेटबाहेर पळाला; त्याला पाहून शेजारच्या दोन कंपन्यांतली माणसं पळाली; रस्त्यावर टँकर अडकले; आणि गॅस तर नव्हताच. गॅस नव्हता हे कशावरून, तर वहीवरून. माचीच्या पायथ्याशी एका लाकडी मेजावर ती लांबट वही असते. दर तासाला तापमान लिहायचं, दाब लिहायचा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या शुक्रवारी दोन वाजताच्या ओळीत लिहिलं होतं, तापमान ब्याण्णव, दाब एक पूर्णांक दोन दशांश, शेरा नॉर्मल. अक्षर नागोरावांचं, खाली सही नागोरावांची. आता गुरुवारी त्यांना कंपनीचे साक्षीदार म्हणून उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की होय, हे अक्षर माझं आहे. मनुष्यबळ खात्याच्या दर्पणसरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून, स्वतः खुर्ची पुढे सरकवून हे समजावलं होतं. सत्तावीस वर्षांत त्या केबिनमधली खुर्ची कुणी त्यांच्यासाठी सरकवली नव्हती. वहीत आहे तेवढंच बोला नागोराव, जास्त काही नको, असं दर्पणसर गोड गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले होते. नागोराव तेवढं बोलले की विश्रामची नोकरी जाणार होती. हे दर्पणसरांनी म्हटलं नव्हतं, पण चहा बिस्किटांसकट आला होता, त्यावरून ते कळत होतं.

आणि दोन वाजताची ती ओळ नागोरावांनी अकरा वाजता लिहिली होती. यात विशेष काहीच नव्हतं. ते रोजच अकरा वाजता, चहा झाल्यावर, हात कोरडे असताना, तीन वाजेपर्यंतच्या सगळ्या ओळी एका दमात लिहून टाकत. दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर पाच वाजता अकरापर्यंतच्या लिहितो. तिसऱ्या पाळीचा आल्याआल्या सकाळपर्यंतच्या लिहितो, कारण नंतर त्याला जांभया येतात आणि अक्षर बिघडतं. आकडेही तेच नसावेत म्हणून एक्याण्णव, ब्याण्णव, पुन्हा एक्याण्णव असं थोडं हलवून लिहायची पद्धत आहे. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात, हेल्मेट कसं घालायचं त्याच्या आधी. शेऱ्याच्या रकान्यात मात्र हलवण्यासारखं काही नसतं. तिथे एकच शब्द. नागोरावांनी कधी हिशेब केला नव्हता, पण वर्षाचे तीनशे दिवस, पाळीचे आठ तास, सत्तावीस वर्षं, म्हणजे तो शब्द त्यांनी आपल्या नावापेक्षा जास्त वेळा लिहिला होता. आणि आता पोरगी विचारत होती, साधारण किती वेळा.

रात्रीच्या भाकरीपर्यंत प्रकल्प थांबला नाही. राजनंदिनी म्हणाली, तुम्हाला ठाऊक आहे का, हा शब्द मुळात सुताराचा आहे. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. त्या हत्याराला लागून बसेल ते नॉर्मल. नेहमीचं, चारचौघांसारखं, हा अर्थ मागाहून आला, फार तर दोनशे वर्षांपूर्वी. मग घास चावत म्हणाली, "आजोबांकडे होता ना तसला? गुण्या?" नागोरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचे वडील कंधार तालुक्यात सुतारकाम करत हे या पोरीला माहीत होतं, पण गुण्या हा शब्द तिला कोणी सांगितला? बोईसरमध्ये जन्मलेल्या, फर्निचर मोबाइलवरून मागवणाऱ्या पिढीला गुण्या कुठून ठाऊक? सुगंधा म्हणाली, मीच सांगितला, त्यात काय एवढं. तिचा सूर अगदी साधा होता. ज्या बाईनं तीस वर्षांत कुठली गोष्ट साध्या सुरात सांगितली नाही, तिचा सूर आज साधा होता. दोघींचं काहीतरी आधीच बोलून झालं असणार, असं नागोरावांना वाटलं, आणि त्यांनी ताटातली मिरची अशी बाजूला सारली जशी काही तीही कटात सामील होती. "तुम्हाला काय होयलंय?" सुगंधानं विचारलं. "लेकराचा अभ्यास हाय, करू द्या की." ते म्हणाले, मी कुठे अडवतोय. आणि पुढे, काही नाही, नॉर्मल, असं म्हणणार होते, ते शब्द दातांपर्यंत आले आणि त्यांनी ते भाकरीबरोबर परत गिळले. पोरीच्या हाताशी वही उघडीच होती.

तिथून त्यांना झोपेतसुद्धा सवड मिळाली नाही, कारण तो शब्द सगळीकडे पसरलेला होता आणि तो किती पसरलाय हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बोईसरच्या कुठल्याही हॉटेलात बसलं की पोऱ्या विचारतो, पाणी नॉर्मल की थंडा. तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले त्या हिवाळ्यात इथेही मांडणीवरची भांडी वाजली, तेव्हा सगळी सोसायटी खाली उतरली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा अर्धी उतरली. तिसऱ्यांदा सुगंधानं पडल्यापडल्या विचारलं की वरचे लोक पलंग सरकवतायत का, आणि नागोराव म्हणाले, नाही, नॉर्मल आहे. राजनंदिनीच्या जन्माच्या वेळी सुगंधा बावीस तास ओरडली, खाटेची दांडी धरून तिच्या तळहाताची साल निघाली, आणि मग डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर येऊन म्हणाल्या, अभिनंदन, नॉर्मल. त्या एका शब्दावर नागोरावांनी आख्ख्या आळीत पेढे वाटले होते. पण त्याच्याही आधी, नांदेडच्या कॉलेजात बी. एस्सी. करताना, हा शब्द त्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा तो असा लोळत पडलेला नव्हता. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत तो होता: नॉर्मल आम्ल. एक लिटरमध्ये किती ग्रॅम ते दशांशापर्यंत मोजून केलेलं. सर म्हणत, नॉर्मल म्हणून आणून ठेवलेलं असलं तरी आपण पुन्हा मोजायचं, ज्यानं बाटली भरली तो माणूसच होता. नागोराव तेव्हा एकेक थेंब सोडत, रंग पालटण्याची वाट पाहत, श्वास धरून उभे राहायचे. एक थेंब जास्त पडला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. त्या काळ्या ओट्याशी उभा असलेला तो किडकिडीत पोरगा त्यांना आता आठवला तो काही अभिमानानं नव्हे. त्या पोराला आपल्याबद्दल काहीतरी कळलं असावं, अशा नजरेनं तो त्यांच्याकडे पाहत होता.

बुधवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी. राजनंदिनी अंघोळीला गेली, सुगंधा खाली भाजीवाल्याशी बोलत होती, आणि नागोरावांनी, बापानं मुलीच्या अभ्यासात लक्ष घालायला हवं या विचारानं, तिची वही उघडली. पहिल्या दोन पानांवर लॅटिन होतं. तिसऱ्या पानावर ‘वापर’ असं शीर्षक आणि खाली यादी. तारीख, कोण, कशाबद्दल, काय म्हणालं. तिच्या अक्षराचं वळण त्यांचंच होतं, रकानेही पट्टीनं आखलेले. आई, दुधाबद्दल. रिक्षावाला, भाड्याबद्दल. पप्पा, पगाराबद्दल. पप्पा, खालच्या मजल्यावरच्या भांडणाबद्दल. पप्पा, हवेतल्या वासाबद्दल, तीन वेळा. मग त्या शुक्रवारची तारीख. ‘पप्पा कामावरून आले. डोळे लाल. सारखे खोकत होते. विचारलं काय झालं. म्हणाले, काही नाही, नॉर्मल.’ नागोरावांनी वही मिटली, पुन्हा उघडली. शाई निळी होती. तारखेवर खाडाखोड नव्हती. एवढंच, पुढे तिनं काही लिहिलं नव्हतं. न्हाणीघरातलं पाणी थांबलं तशी त्यांनी वही होती तशी ठेवली, पेन होतं तसं तिरकं ठेवलं, आणि तिरकं किती होतं हे नक्की आठवेना म्हणून दोनदा हलवलं.

ते खोकत होते, कारण त्या दुपारी ते माचीवर गेले होते. दीड वाजल्यापासून ते कॅन्टीनमध्ये होते, माचीवरचा विश्राम सोडला तर सगळेच होते. भांडारातल्या चिंतूभाऊंचा निरोप समारंभ होता, शाल, नारळ, समोसा आणि बुंदीचा लाडू. नागोरावांना बोलायला उभं केलं होतं. चिंतूभाऊंची तीस वर्षांची निष्ठा, असं ते म्हणत होते तेव्हा दोनला दहा कमी असताना वीज गेली आणि माइक बंद पडला. नागोरावांनी आवाज चढवून, माइकविना, निष्ठेवर आणखी दहाबारा मिनिटं काढली आणि त्याबद्दल त्यांना टाळ्या मिळाल्या. ऑफिसचा आणि कॅन्टीनचा जनरेटर तोवर लागला, पंखे फिरले. माचीवरचा पंप जनरेटरवर नव्हता. गॅस धुऊन बाहेर सोडणारा तो पंप थांबला की गॅस न धुताच बाहेर येतो, ही गोष्ट विश्रामला ठाऊक होती, म्हणून तो पळाला. नागोरावांना ठाऊक होती, म्हणून ते आरडाओरडा ऐकून नाकाला रुमाल लावून वर गेले. तोवर माचीकडेही वीज आलेली होती. सव्वादोनला पंपाचं हिरवं बटण दाबलं ते त्यांनीच. अडीचपर्यंत वास विरला. तापमान दाखवणारा फलक दोन वाजता काळा होता. त्याच्यावर ब्याण्णवच काय, एकसुद्धा आकडा नव्हता. खाली उतरताना त्यांनी वहीकडे पाहिलं. दोनची ओळ तिथे आपली शांत बसली होती, आणि तीनचीसुद्धा, अजून न वाजलेल्या तीनची. ते दुरुस्त करू शकले असते का? हाच प्रश्न ते बारा दिवस स्वतःला वकिलासारखा विचारत होते आणि स्वतःच हरकत घेत होते. वहीत खाडाखोड चालत नाही. बाहेरून तपासणीला येणारे साहेब आकडे वाचत नाहीत, पण खाडाखोड त्यांना लांबून दिसते. एका खोडलेल्या ओळीवर कारणे दाखवा नोटीस येते, आणि सत्तावीस वर्षं न मोजता लिहिलेल्या ओळींवर स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र येतं. ते प्रशस्तिपत्र नागोरावांच्या घरी टीव्हीच्या वर टांगलेलं होतं.

अकरा वाजता त्यांनी सुगंधाला सांगितलं की जरा नाक्यावर जाऊन येतो, आणि चिंचणीच्या शेअर रिक्षात बसले. आपण कशाला चाललोय हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. विश्रामला भेटायला, असं म्हणण्यापेक्षा विश्रामला किती माहीत आहे ते पाहायला, हे जास्त खरं. पुढे रिक्षावाल्याशेजारी बसलेली बाई त्यांच्याकडे आरशातून पाहतेय असं त्यांना एमआयडीसीच्या शेवटच्या वळणापर्यंत वाटत राहिलं; ती खैरेपाड्याला उतरली तेव्हा कळलं की ती आरशात आपला दात पाहत होती. कंपन्यांच्या भिंती संपल्या, गवत वाळवत घातलेली शेतं आली, आणि का कोण जाणे, त्यांना वडिलांचा गुण्या आठवला. वडिलांची गोष्ट सांगायची झाली तर लोक अपेक्षा धरतात की म्हातारा फार काटेकोर असणार. होताही, चाळीस वर्षं. मग डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. तरी म्हातारा चौकटीला गुण्या लावायचा, बोटानं टिचकी मारायचा आणि म्हणायचा, बरोबर. न दिसणाऱ्या फटीवर बरोबर म्हणायचा, आणि त्याच्या आवाजात इतकी वर्षं मुरलेली होती की घरमालक मान डोलवायचे. त्या चारसहा वर्षांत बसवलेली गावातली दारं आजही घासतात; पावसाळ्यात तर उघडायला दोन माणसं लागतात. लोक हसून म्हणतात, म्हाताऱ्याचं दार हाय, खांदा लाव. कुणी त्याला तोंडावर बोललं नाही. आणि त्याला स्वतःला कळत होतं का, हे नागोरावांनी कधी विचारलं नव्हतं. शेवटच्या दिवाळीला म्हातारा हातानं चौकट चाचपत होता आणि बोट एका जागी थांबलं होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. बोट थांबलं, मग पुढे गेलं, आणि म्हातारा म्हणाला, बरोबर.

विश्राम वाडीत मिरचीच्या रोपांना पाणी सोडत होता. त्यानं नागोरावांना पाहिलं, पाण्याची वाट दुसऱ्या सरीत वळवली, मग हात धुऊन आला. रागावलेला नव्हता. हे नागोरावांना आवडलं नाही; रागावलेल्या माणसाचा हिशेब लागतो. जयवंतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, खाटेवर गोधडी टाकली, चहा आणला, आणि चिंचणीत पडलेल्या मासळीच्या भावाबद्दल, पोरगा नीलेश वाणगावला कामाला लागला त्याबद्दल बोलणं झालं. बोलताना विश्राम मधेच थांबे, छातीत खोल काहीतरी हलवल्यासारखा खोकला काढी आणि मग सुटलेलं वाक्य पुन्हा धरी. त्याला गुरुवारबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. नागोराव वाट पाहत राहिले, आणि कुणी मागायला येत नाही तेव्हा देणाऱ्याला जसं अवघडतं तसं होऊन शेवटी स्वतःच म्हणाले, उद्या आहे.

"ठावं हाय," विश्राम म्हणाला. "कागद आलाय."

नागोराव म्हणाले, वहीत माझं अक्षर आहे. विश्राम म्हणाला, तेही ठावं हाय. मग वाहत्या पाण्याकडे पाहत तो म्हणाला, "तुमी अकरा वाजताच लिवता. आमी सगलेच लिवतो. तुमी रजेवर असता तवा मीच लिवतो ना वही. त्या दिवशी माझ्या हातात असती तर मी पण नॉर्मलच लिवून ठेवला असता, आनि मंग त्याच वहीला पाठ करून पळालो असतो."

नागोरावांनी विचारलं, मग उद्या सांगणार का तसं. विश्राम म्हणाला, मी सांगून काय होतं, म्हणतील कातडी वाचवतोय. ज्याचा हात हाय त्यानं सांगावं, नायतर नाय सांगावं. हे तो इतक्या सपाटपणे म्हणाला, की नागोराव त्यात धमकी शोधू लागले, मग विनवणी शोधू लागले, आणि दोन्ही न सापडल्यानं त्यांना जास्तच वाटलं की हा काहीतरी लपवतोय. निघताना जयवंतीनं हिरव्या मिरच्यांची पिशवी हातात दिली, लेकीला आवडतात म्हणून. मिरच्या घेतल्या तर लाच घेतल्यासारखं, न घेतल्या तर कबुली दिल्यासारखं. नागोरावांनी पिशवी घेतली आणि ती अंगापासून लांब धरली. जयवंती दारात उभी राहून, हसल्यासारखं करत म्हणाली, "भावजी, रातभर खोकतो हा. त्याचाबी जरा वहीत लिवा, नॉर्मल म्हणून. मंग आमाला झोप लागंल." विश्रामनं तिला गप्प केलं. ती गप्प झाली, पण हसणं तिनं चेहऱ्यावरून काढलं नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी सगळ्या बाजू मांडून पाहिल्या. त्यांना सेवेची चार वर्षं उरली होती. खरं बोललं तर विश्राम सुटेल, आणि त्यांच्या नावावर खोटी नोंद चढेल. आणि मग दुसऱ्या पाळीचा, तिसऱ्या पाळीचा, सगळे लिहिणारे त्यांच्याकडे असं पाहतील जसं पोरगी हल्ली पाहते. खोटं बोललं तर त्यांना स्वतःला काहीच होणार नाही. हेच त्यांना खटकत होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा असा प्रसंग होता की जिथे त्यांनी काही न केल्यास त्यांचं भलंच होणार होतं, आणि त्यांना ते पुढ्यात दिसत होतं: चहा, बिस्किटं, सरकवलेली खुर्ची, चार वर्षांनी शाल आणि नारळ, आणि त्यांच्या निष्ठेवर कुणीतरी माइकवरून बोलतंय. घरी आल्यावर राजनंदिनीनं मिरच्या पाहून विचारलं, कुठून आणल्या. चिंचणीहून, ते म्हणाले. नाक्यावर गेलो होतो असं सांगायचं ठरलेलं होतं, ते विसरले. पोरगी म्हणाली, विश्रामकाकांकडून? ते हो म्हणाले. तिनं वही उघडली नाही, आणि त्या रात्री घरात तो शब्द कुणीच उच्चारला नाही, म्हणजे तिघांनाही तो टाळायची सवय एकाच दिवशी लागली होती.

गुरुवारी चौकशी कॉन्फरन्सच्या खोलीत होती. पालघरहून आणलेले वकीलसाहेब चौकशी अधिकारी म्हणून मधे बसले होते, भला, पोट सुटलेला गृहस्थ, दर दोन मिनिटांनी फोनवर वेळ पाहणारा. दर्पणसर त्यांच्या उजवीकडे. मेघाली नावाची ऑफिसातली मुलगी संगणकावर जबाब टंकत होती. विश्राम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्याच्या बाजूनं बोलायला कुणी आलं नव्हतं. वही पुढ्यात ठेवली. हे अक्षर तुमचं का? होय. सही तुमची? होय. वकीलसाहेबांनी मेघालीकडे वळून सांगायला सुरुवात केली, की साक्षीदार सांगतात, दिनांक अमुक रोजी दुपारी दोन वाजता प्रक्रिया नॉर्मल होती, आणि नागोराव म्हणाले, "मी असं सांगितलं नाही."

वकीलसाहेब थांबले. म्हणजे वहीत तर आहे, ते म्हणाले. नागोराव म्हणाले, वहीत आहे. ती ओळ मी अकरा वाजता लिहिली. दोन वाजता मी कॅन्टीनमध्ये भाषण करत होतो. दोन वाजता वीज नव्हती, फलक बंद होता, पंप बंद होता, गॅस होता. सव्वादोनला पंप मी चालू केला. हे सगळं बोलायला अर्धं मिनिट लागलं. त्यांना वाटलं होतं, जास्त लागेल. दर्पणसर छताकडे पाहू लागले, जणू गळती तिथे होती. वकीलसाहेब मात्र दचकले नाहीत. अशा माणसांना त्यांनी आयुष्यभर सावरून घेतलं असावं. ते समजुतीनं म्हणाले, असं बघा, सगळीकडे आगाऊ लिहितात, त्यात काय. आपण घालू, की ‘नोंदी नॉर्मल पद्धतीप्रमाणे केल्या होत्या.’ तुम्हालाही त्रास नको. मेघालीनं टंकायला बोटं उचलली.

"तो शब्द नको," नागोराव म्हणाले.

वकीलसाहेबांनी विचारलं, मग कुठला घालू. नागोराव विचार करू लागले. आगाऊ, अंदाजे, अनवधानानं, प्रथेप्रमाणे. एकेक शब्द पुढे येऊन, स्वच्छ कपडे घालून उभा राहिला आणि त्यांना प्रत्येकाचा संशय आला. दर्पणसर हळू आवाजात म्हणाले, नागोराव, नीट विचार करा, हे तुमच्याच फायलीत जाईल. "खोट्या," नागोराव म्हणाले. "नोंदी खोट्या होत्या, असं लिहा." मेघालीनं वकीलसाहेबांकडे पाहिलं, वकीलसाहेबांनी दर्पणसरांकडे, दर्पणसरांनी पुन्हा छताकडे. मग कळफलकाच्या कळा वाजल्या. टेबलाच्या त्या टोकाला विश्राम खोकला नाही. खोकला यायला हवा होता, तो त्यानं मुठीत दाबून धरला होता.

छापलेली दोन पानं आली. नागोरावांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सगळं होतं, वीज, फलक, पंप, आणि ‘खोट्या’ हा शब्दही, जाड ठशात. दुसऱ्या पानाच्या तळाशी सहीची जागा, आणि तिच्यावर एक ओळ: चौकशी दुपारी एक वाजता संपली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी मेघालीला विचारलं, हे कधी टंकलं. ती म्हणाली, सकाळीच, सर, तो मजकूर तयारच असतो, नेहमी एकचीच वेळ टाकतो. तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. नवीन लागली होती बिचारी, कुणीतरी पहिल्या आठवड्यात शिकवलं असणार.

"बरं," नागोराव म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं. वकीलसाहेब म्हणाले, सही करा की, मला पालघरला पोचायचंय. नागोराव म्हणाले, करतो, एक वाजू द्या. दर्पणसर म्हणाले, अहो, ती वेळ बदलून देते ती, एक मिनिटाचं काम. मेघालीचा हात कळांवर गेला. तेव्हा विश्राम पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "नको बाय. आता खाडाखोड कशाला? थांबूया." आणि तो खुर्चीत मागे रेलला.

वकीलसाहेबांनी फोन काढला, पाहिला, ठेवला. खिडकीतून कुठल्याशा कंपनीचा आंबूस वास आत आला, दर्पणसरांनी उठून खिडकी लावली. नागोरावांना वाटलं, विश्राम आपल्याकडे पाहत असेल. त्यांनी पाहिलं, तर तो घड्याळाकडे पाहत होता. मग तेही पाहू लागले. बारा वाजून चौदा मिनिटं. काटा पुढे सरकतो तेव्हा तो आधी किंचित मागे येतो, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.